चाकाचे बोल्ट, स्टड आणि कशेडी घाटातला अर्धा तास

आमच्या जुन्या स्विफ्टचे चाक मी अनेकदा बदलले होते, त्यामुळे गेल्या पावसाळ्यात कशेडी घाटात फोक्सवॅगन पोलोचे मागचे चाक पंक्चर झाले, तेव्हा हे काम दहा मिनिटांचे आहे असे मी घरच्यांना खुशाल सांगून टाकले. पाचही बोल्ट काढून चाक उतरवले आणि समोर हबची, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाची, नुसती सपाट तबकडी उरली. स्विफ्टच्या हबमधून स्टड, म्हणजे आटे पाडलेले दांडे, बाहेर आलेले असतात. खुंटीला पिशवी अडकवावी तसे चाक त्यांवर अडकवायचे आणि मग सवडीने नट फिरवायचे. पोलोत आटे हबच्या भोकांतच असतात, त्यामुळे स्टेपनी उचलून धरायची, भोकाला भोक जुळवायचे आणि त्याच वेळी पहिला बोल्ट आत घालायचा. हबच्या मधोमध असलेला उंचवटा चाकाला थोडा आधार देतो खरा, पण चाक त्यावर फिरते आणि जुळत आलेले भोक पुन्हा सरकते. शेवटी चिखलात बसून बुटाचे टोक टायरखाली घातले आणि पायानेच चाक उचलत जुळवले, तेव्हा कुठे पहिला बोल्ट धरला.

घरी परतल्यावर एका लेथवाल्याकडून १४ मिलिमीटर व्यासाच्या, १.५ मिलिमीटर पिचच्या (म्हणजे दोन आट्यांमधल्या अंतराच्या) लांब बोल्टचे डोके कापून घेतले. हा दांडा सर्वांत वरच्या भोकात हाताने फिरवून बसवला की तात्पुरता स्टड तयार होतो. बाकीचे चार बोल्ट लागल्यावर तो काढून पाचवा लावायचा. मर्सिडीजच्या हत्यारांत अशी पिन कंपनीच देते.

दुरुस्तीच्या दृष्टीनेही मला स्टडच बरे वाटतात. स्टडचे आटे गेले तर तो मागे ठोकून काढता येतो आणि नवा बसवता येतो. बोल्टच्या गाडीत नुसता बोल्ट खराब झाला तर काम आणखी सोपे, पण एका टायरवाल्याकडच्या मुलाने माझा बोल्ट तिरका धरून थेट मशीन चालवले आणि हबमधलेच आटे गेले, तेव्हा अख्खा हब बदलावा लागला. तेव्हापासून पहिले काही आटे मी हातानेच फिरवतो, समोरासमोरचे बोल्ट आलटून पालटून आवळतो आणि शेवटी आवळण्याचा जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने १२० न्यूटन-मीटरवर थांबतो.

बाहेरची अलॉय चाके बसवणाऱ्यांनी बोल्टची बैठकही, म्हणजे तो चाकाला जिथे टेकतो तो भागही, पाहावी. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टची बैठक गोलाकार असते, तर बाजारातल्या बऱ्याच अलॉयना शंकूच्या आकाराची लागते. चुकीची जोडी वरून घट्ट वाटली तरी तिचा स्पर्श जेमतेम एका कडेवर होतो आणि बोल्ट सैल पडू शकतो. लांबीही मोजावी, कारण आखूड बोल्ट पुरेसे आटे धरत नाही आणि फार लांब बोल्ट हबच्या मागे निघून ब्रेकच्या भागांना लागू शकतो. जुने बोल्ट मात्र दुकानातच सोडून येऊ नयेत. डिकीतल्या पोलादी स्टेपनीला तेच लागतात.