ज्याचा रिपोर्ट निघत नाही

कॉलेज संपलं आणि मी सोशल मीडिया एक्झिक्युटिव्ह म्हणून कामाला लागले. एजन्सी लहान, क्लायंट भरपूर. सकाळी आल्या आल्या प्रत्येक अकाउंटचे आकडे काढायचे, शीटमध्ये भरायचे. मग कंटेंट कॅलेंडर, कॅप्शन, डिझायनरच्या मागे लागणं, क्लायंटच्या अप्रूव्हलची वाट बघणं, शेड्यूल लावणं. हे काम मला आवडतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणाचा असा समज व्हायला नको की मी सोशल मीडियाच्या नावाने बोटं मोडायला बसलेय. एखादा छोटा व्यवसाय ज्याला खरोखर हवा आहे अशा माणसापर्यंत पोचवण्यात समाधान आहे, आणि ते मला अनेकदा मिळालंय. मला लिहायचंय ते वेगळंच. या कामाने नजरेला एक वळण लागतं, आणि संध्याकाळी निघताना ते ऑफिसात ठेवून येता येत नाही.

ते कसं लागतं ते सांगते. फेसबुकच्या आकडेवारीत व्हिडिओ किमान ३ सेकंद चालला की तो एक प्ले म्हणून मोजायची पद्धत आहे. त्यामुळे आमचा सगळा जीव पहिल्या ३ सेकंदांत. त्याला हुक म्हणायचं. क्लायंटने कॅमेऱ्यासमोर बोललेलं काही आलं की मी एडिटिंगला बसते. टाइमलाइन मोठी केली की आवाजाच्या लहरी दिसतात. शब्दांच्या जागी त्या उंच असतात, आणि जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या आधी एक बारीकसा फुगवटा असतो. तो श्वास. तो कापायचा. ‘नमस्कार, मी अमुक तमुक’ कापायचं. माणूस मध्येच आठवायला थांबतो, वर बघतो, ‘म्हणजे कसं आहे’ म्हणतो, तेही कापायचं. उरतं ते धाडधाड पुढे जातं आणि त्यात कुणी श्वास घेत नाही.

मला हे शिकवणारी आमच्याकडची एक सीनियर ताई. ‘अगं, लोक थांबतात ते मुद्द्यासाठी, तुझ्या क्लायंटच्या श्वासासाठी नाही,’ ती म्हणाली होती. आणि ती बरोबरच होती. आमच्या अकाउंट्सवर असे कापलेले व्हिडिओ शेवटपर्यंत जास्त बघितले जायचे. मी त्यात पटकन तरबेज झाले.

मग एका रात्री जवळची मैत्रीण फोनवर तिच्या घरातलं काहीतरी अवघड सांगत होती. सांगता सांगता थांबली. आणि मला आतून जाणवलं की हा पॉज मला लांब वाटतोय. तिचं म्हणणं मी ऐकत होते, तिच्याबद्दल वाईटही वाटत होतं, तरी डोक्यातला एक कोपरा कात्री घेऊन बसला होता.

तेव्हापासून मी स्वतःवर जरा लक्ष ठेवायला लागले आणि बरंच काही दिसलं. पाऊस आला की आधी फ्रेम सुचायची, मग पाऊस. कुणी छान वाक्य बोललं की ते कॅरोसेलची, म्हणजे बोटाने सरकवत बघायच्या पोस्टची, पहिली स्लाइड म्हणून वाचलं जायचं. आईने जुने फोटो काढले तर मला वाटायचं, हे मालिका म्हणून टाकता येईल. यातलं काहीच वाईट नाही. पण प्रत्येक आनंदाला लगेच प्रेक्षक बसवले जात होते, आणि ते समोर आले की मी तिथून उठून त्यांच्या बाजूला जाऊन बसत होते, स्वतःकडे बघत.

गंमत वाटण्यासारखं नाही, पण आश्चर्य वाटावं असं एक आहे. यातली यंत्रणा मला कॉलेजपासून माहीत होती. मानसशास्त्राच्या पेपरला स्किनर होता, कबुतरांवर प्रयोग करणारा मानसशास्त्रज्ञ. कबुतराला प्रत्येक टोचीला दाणा मिळाला तर ते गरजेपुरतं टोचतं. दाणा कधी मिळेल हे अनिश्चित असलं, तर ते टोचतच राहतं. स्किनर आणि त्याचा सहकारी फर्स्टर यांनी १९५७ मध्ये याची सविस्तर मांडणी केली. फोनवरही तोच खेळ: दर वेळी नवं काही मिळेलच असं नाही, म्हणून आपण बघत राहतो. स्क्रीन खाली ओढून ताजं काय ते बघण्याची युक्ती लॉरेन ब्रिक्टरने २००९ मध्ये ट्विटरच्या एका अ‍ॅपसाठी बनवली. खाली सरकत राहावं आणि तळ कधी येऊच नये, हे एझा रास्किनने २००६ मध्ये रचलं, आणि पुढे त्याबद्दल जाहीरपणे खंतही व्यक्त केली. हे सगळं मी परीक्षेत लिहिलंय, प्रेझेंटेशनमध्ये सांगितलंय. तरी स्वतःच्या अकाउंटवर फोटो टाकला की अंगठा स्क्रीन खाली ओढायचाच. माहिती असण्याचा आणि सुटका होण्याचा संबंध मला वाटला होता तेवढा नाही.

तुलनेचंही तसंच. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगरने १९५४ मध्ये मांडलं होतं की माणूस स्वतःला जोखायला आपल्यासारख्याच माणसांकडे बघतो. पदवी मिळाल्यावरच्या पहिल्या वर्षात आपल्यासारखी माणसं म्हणजे आपलीच बॅच, आणि सगळी बॅच एकाच वेळी ‘नवी सुरुवात’ जाहीर करत असते. मला त्या कॅप्शन कशा लिहितात ते माहीत. पहिली ओळ कुठे तोडली म्हणजे ‘आणखी वाचा’ दाबलं जातं, तेही माहीत. तरी रात्री अकराला एखादी वाचली की पोटात खड्डा पडायचाच.

इन्स्टाग्रामने २०२१ मध्ये लाइक्सचे आकडे लपवायची सोय सगळ्यांना दिली. मी ती लावली. थोडं बरं वाटलं, पण दिवसभर आकडे बघणं हाच जिचा व्यवसाय, तिला स्वतःच्या अकाउंटचा अंदाज न बघताही येतो.

अ‍ॅप काढून टाक, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. मी त्यावरचे अभ्यास शोधून वाचले, कारण माझ्या नोकरीत ते काढणं शक्यच नव्हतं आणि मला जाणून घ्यायचं होतं की आपण नक्की कशाला मुकतोय. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात १४३ विद्यार्थी होते. त्यांतल्या एका गटाने ३ आठवडे प्रत्येक अ‍ॅप दिवसाला १० मिनिटांपुरतंच वापरलं. त्यांचा एकटेपणा आणि उदासी दोन्ही कमी झाल्या. दुसरा अभ्यास मोठा, अर्थतज्ज्ञ हंट ऑलकॉट आणि सहकाऱ्यांचा, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यात लोकांनी ४ आठवडे फेसबुक बंद ठेवलं. दिवसाला सरासरी तासभर वेळ मोकळा झाला. समाधान वाढलं, पण थोडंसंच. आणि मोकळा झालेला वेळ घरच्यांसोबत, मित्रांसोबत गेला, तसाच एकट्याने टीव्ही बघण्यातही गेला.

मला ते ‘थोडंसंच’ फार प्रामाणिक वाटलं. अ‍ॅप बंद केलं की आनंद आपोआप दारात येऊन उभा राहतो असं कुणी सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता. जागा मोकळी होते इतकंच. तिथे काय येणार हा प्रश्न उरतोच, आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. कॉलेजात असताना आनंद आयता असायचा. बाकावर, कॅन्टीनमध्ये, लेक्चर बुडवून. तो शोधायचा असतो हे माहीतच नव्हतं.

उत्तर आलं ते एका क्लायंटकडून. मोठ्या माणसांना पोहायला शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत. लहान मुलांसाठी वर्ग पुष्कळ असतात. यांच्याकडे येतात ते तिशीतले, पन्नाशीतले, सत्तरीतलेही. मी शूटचं ठरवायला गेले. माझ्या डोक्यात रील तयार होता: पहिल्या दिवशी पाण्याला घाबरलेला चेहरा, कट, शेवटच्या दिवशी सुळकन पोहणारा तोच माणूस. हुक म्हणून घाबरलेल्या चेहऱ्यापेक्षा चांगलं काही मिळणं कठीण.

मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘पहिल्या दिवसाचा चेहरा कुणाचाच दाखवायचा नाही.’

मी म्हटलं, आपण परवानगी घेऊ, लेखी घेऊ.

‘परवानगी देतील गं. मी सांगितलं तर नाही कोण म्हणणार? म्हणून तर मी विचारणार नाही.’ मग थोडं थांबून, ‘तुला येतं का पोहायला?’

नव्हतं येत.

फोन लॉकरमध्ये गेला. मी पाण्यात उतरले, कठड्याला धरून उभी राहिले. पहिला धडा मला वाटला त्याच्या उलटा निघाला. मी छाती भरून श्वास घेतला, कोंडून धरला आणि तोंड पाण्यात घातलं. दोन क्षणांत जीव घाबरा होऊन वर. मॅडम म्हणाल्या, ‘नवशिका माणूस श्वास घ्यायला विसरत नाही, सोडायला विसरतो.’ आत कोंडलेला श्वास बाहेर पडायला बघतो आणि आपल्याला वाटतं, हवा संपली. म्हणून तोंड पाण्यात गेलं की नाकाने हळूहळू, गुणगुणल्यासारखं सोडत राहायचं. मी ‘म्म्म’ करत डोकं खाली घातलं. बुडबुडे गालांवरून, कानांजवळून वर जात होते आणि त्यांचा आवाज बाहेर ऐकू येतो त्याच्यापेक्षा खूप मोठा होता. ‘म्म्म’ संपलं की वर. पुन्हा खाली. तेवढंच, पूर्ण तास.

तरंगणं त्याच्या पुढच्या पायरीचं. पाठीवर झोपायचं तर मान वर ठेवून चालत नाही. डोकं उचललं की पाय बुडतात. कान पाण्यात जाऊ द्यावे लागतात. आधी मी प्रत्येक वेळी डोकं उचलत होते, काय चाललंय ते बघायला. ज्या दिवशी उचललं नाही त्या दिवशी पाय स्वतःहून वर आले. मॅडमचा हात पाठीखालून कधी निघाला ते कळलं नाही. मी छताकडे बघत मोठ्याने हसले. बाजूच्या आजी पण हसल्या, त्यांचाही पाठीवर झोपायचाच धडा चालू होता.

याचा फोटो नाही. मी हे आज लिहितेय ते बऱ्याच दिवसांनी, कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून. त्या वेळी मात्र कुणाला सांगावं हे मनात आलंच नाही, घरी पोचेपर्यंत आलं नाही, आणि घरी पोचल्यावर आईला सांगितलं तेही जेवताना सहज. माझ्यासाठी नवल त्याचं होतं. किती महिन्यांनी एखादा आनंद घडत असताना मी त्यातच होते.

किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांचा २०१० मधला एक अभ्यास मला तेव्हा आठवला. लोकांना दिवसातून मधूनच विचारलं जायचं: आत्ता काय करताय, मन त्यातच आहे का, कसं वाटतंय? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन दुसरीकडे होतं, आणि जिथे मन दुसरीकडे तिथे आनंद कमी, काम कुठलंही असो. पाण्यात मन दुसरीकडे जातं, नाही असं नाही, पण गेलं की लगेच नाकात पाणी जातं आणि परत यावं लागतं.

कामावर याचा परिणाम झाला, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो, कारण मला नोकरी एकीकडे आणि आनंद दुसरीकडे असं जगायचं नव्हतं. मॅडमच्या अकाउंटसाठी आम्ही घाबरलेला चेहरा सोडून दिला. त्याऐवजी मला स्वतःला पडलेले प्रश्न घेतले. कानात पाणी गेलं तर? चष्मा काढल्यावर दिसणार कसं? सगळ्यांसमोर बुडायला लागले तर? मॅडमनी बसून उत्तरं दिली. उत्तर देण्याआधी त्या थांबतात, विचार करतात. ते थांबणं मी कापलं नाही. ताईने बघितलं, म्हणाली, ‘स्लो आहे.’ मी म्हटलं, हो, असू दे, एकदा करून बघू.

रीच, म्हणजे किती लोकांपर्यंत पोचलं तो आकडा, साधारणच आला. पण मेसेज आले, आणि वेगळे आले. एका गृहस्थांनी विचारलं, लहानपणी पाण्यात ओढला गेलो होतो, तेव्हापासून उतरलो नाही. नुसतं काठावर येऊन बसलं तर चालेल का? साच्यातलं उत्तर तयार होतं, पत्ता आणि वेळा असलेलं. ते न पाठवता मी मॅडमना फोन केला. त्यांनी सांगितलं, ‘त्यांना लिही, अवश्य या, खुर्ची ठेवते, कुणी पाण्यात ये म्हणणार नाही.’ मी तसंच लिहिलं. ते आले, बसले, पुन्हा आले. पुढे ते उतरले की नाही हे मी विचारलेलं नाही, ती माहिती माझी नाही.

महिन्याचा रिपोर्ट करताना हे कुठे लिहायचं कळेना. रीच, इम्प्रेशन, एंगेजमेंट, क्लिक, प्रत्येकाला रकाना आहे. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्टने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल एक निरीक्षण मांडलं होतं, त्याचा सोपा अर्थ असा घेतला जातो की मोजमाप हेच ध्येय झालं की ते चांगलं मोजमाप राहत नाही. आमच्याकडे सेव्ह, म्हणजे लोकांनी नंतरसाठी जपून ठेवलेल्या पोस्टचा आकडा, वाढवायचं ठरलं की सेव्ह करण्यासारख्या पोस्ट बनतात. लोक सेव्ह करतात आणि परत उघडतात की नाही हे कुणी बघत नाही. म्हणून मी रिपोर्टच्या शेवटी एक पान जोडलं, ‘या महिन्यात लोकांनी काय विचारलं’. आकडे नाहीत, फक्त प्रश्न, नावं काढून, त्यांच्याच शब्दांत.

ताई आधी म्हणाली, एवढं कोण वाचतं, काढून टाक. मग दुसऱ्या एका क्लायंटने ते पान कुठेतरी बघितलं आणि आम्हालाही हवं म्हणून मागितलं. पुढच्या महिन्यापासून ते सगळ्यांच्या रिपोर्टमध्ये जाणार आहे, आणि प्रश्न निवडायचं काम माझ्याकडे आलंय. पोहण्यात मी सध्या क्रॉलवर आहे, म्हणजे पालथं होऊन आळीपाळीने हात मारत जायचं. उजवीकडे वळून श्वास घेता येतो, डावीकडे अजून जमत नाही.