बाकीचं बाई म्हणायच्या

शाळेच्या अमृतमहोत्सव समितीचे पत्र आले आणि त्याच रात्री लिहायला बसले. पत्रात शाळा, शिक्षक, खेळ, स्नेहसंमेलन अशा सगळ्याच आठवणी मागितल्या आहेत. त्या इतर जण लिहितीलच. मला लिहायचे आहे ते आपल्या मराठीच्या बाईंविषयी. बोर्डिंगातल्या आम्हा मुलींच्या त्या रेक्टरही होत्या. आपल्याकडे नुसते 'बाई' म्हटले तरी कोण ते कळायचे, म्हणून मीही तेवढेच म्हणते.

साल १९७२. नगर जिल्ह्यातल्या माझ्या वयाच्या माणसाला याहून जास्त सांगावे लागत नाही. आधीचे पावसाळेही धड झाले नव्हते, आणि त्या वर्षी तर पावसाने पाठच फिरवली. बोर्डिंगातल्या बहुतेक मुलींचे आईवडील दुष्काळी कामावर होते, कोणी पाझर तलावावर, कोणी रस्त्यावर. माझी आई खडी फोडायची. भेटायला आली की तिच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या असत आणि पदरात थोडी सुकडी असे. आमच्या ताटात मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी. ती घशाखाली उतरायला पाणी लागे, आणि पाणी तर मोजून मिळे.

त्या वर्षी सकाळच्या प्रार्थनेत बाईंनी नेहमीचे पाठ बाजूला ठेवले आणि बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याचा तिसरा अध्याय काढला. त्याच्या शेवटी संदेष्टा सांगतो की अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात दाणा नाही, गोठ्यात गुरे उरली नाहीत. आणि लगेच पुढे म्हणतो की असे असूनही मी माझ्या तारणाऱ्या देवाच्या ठायी आनंद करीन. बाईंनी पुस्तक मिटले. म्हणाल्या, "द्राक्षाचा वेल तुमच्यातल्या कितीजणींच्या दारात आहे? आपापल्या घरचं सांगा."

मग एकेक मुलगी उठली. एक म्हणाली, आमच्या विहिरीचा तळ दिसतो. दुसरी म्हणाली, बाजरी गुडघ्याएवढी होऊन करपली. एकीच्या आजीने शेळी विकली होती. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटले, "आमची बैलजोडी बाजारात गेली. दावी तेवढी खुंटीला आहेत." एवढे बोलले आणि पुढचे तोंडातून निघेना. सगळ्यांनी शेवटी आनंद करीन असे म्हटले होते, मला ते म्हणवेना. वडील बाजारातून परतले ते न जेवता ओट्यावर बसून राहिले होते. ते डोळ्यांसमोर असताना आनंद कसला?

मागून कोणीतरी कुजबुजले, "म्हण ना!" बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "नको म्हणूस पोरी. जेवढं खरं आहे तेवढं तू देवाला सांगितलंस. बाकीचं आज मी तुझ्यासाठी म्हणते." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी ते वचन मोठ्याने म्हटले. पुढे कितीतरी सकाळी हेच चालले. घरचे हाल मी सांगायचे, बाकीचं बाई म्हणायच्या. पुढे एके दिवशी, पाऊस पडला नव्हता तरी, ते वचन मी स्वतःहून म्हटले. बाईंनी त्याचा गाजावाजा केला नाही, पुढच्या मुलीकडे वळल्या.

बाईंची आजी लहानपणी दुष्काळातून वाचून पंडिता रमाबाईंनी केडगावला काढलेल्या मुक्ती सदनात वाढलेली. त्यामुळे रमाबाईंची गोष्ट आम्हाला पुस्तकाआधी बाईंच्या तोंडून कळली. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळातच गेले, मग भाऊ, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात याच रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना गाड्या भरून घेऊन आल्या. एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. तरी मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करण्याचे काम त्यांनी हातचे सोडले नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. बाई ही गोष्ट रंगवून सांगत नसत. जिने भूक भोगली तिनेच भुकेल्यांना शोधले, एवढे सांगून त्या आम्हाला घागरी घेऊन टँकरच्या रांगेत पाठवत.

पुढे मी मिरजेला नर्सिंग केले आणि सरकारी दवाखान्यांत नोकरी करून परिसेविका म्हणून निवृत्त झाले. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली आज मोठ्या दवाखान्यांत आहेत याचे समाधान आहे. रुग्णाच्या नातेवाइकाला 'सगळं ठीक होईल' असे मी कधी सांगितले नाही. शेजारी बसले, आणि त्यांनी मागितली तर प्रार्थना केली.

एप्रिल २०२१ मध्ये माझे यजमान कोरोनाने गेले. कबरस्तानात पाळकसाहेब, मुलगा आणि पीपीई घातलेली माणसे, बस. जन्मभर दुसऱ्यांच्या खाटेशी प्रार्थना केलेल्या मला घरी एक ओळही म्हणता येईना. चर्चच्या मंडळीतल्या बायका रोज संध्याकाळी फोन करायच्या. एकीने विचारले, "ताई, आज काय म्हणू या?" मी सांगितले, हबक्कूक काढा, वरचा भाग मी वाचते, शेवटची वचने तुम्ही वाचा. तिने कारण विचारले नाही. पावसाळाभर आम्ही तसेच वाचले. नाताळच्या उपासनेत शेवटची वचने मी उभी राहून वाचली. त्या दिवशी बाई मला फार जवळ वाटल्या. प्रभू येशू कबरेतून उठला यावर माझा विश्वास आहे, आणि तो विश्वास मी हातातून सुटू दिला तेव्हा या माणसांनी तो माझ्यासाठी धरून ठेवला.

शाळेची नवी इमारत पाहिली. संगणक कक्ष छान झाला आहे. पण बोर्डिंगला कुलूप आहे, आणि प्रार्थना आता स्पीकरवर लागते, मुले नुसती उभी असतात. हे पाहून वाईट वाटले. आठवड्यातून एक सकाळ तरी मुलांना आपापल्या घरचे बोलू द्यावे अशी मुख्याध्यापकांना विनंती आहे. त्या सकाळी येऊन बसायची माझी तयारी आहे.

आणखी एक. कार्यालयातल्या भिंतीवर सगळ्या मुख्याध्यापकांचे फोटो आहेत, बाईंचा नाही, कारण त्या त्या खुर्चीवर कधी बसल्या नाहीत. माझ्याकडे १९७४ च्या सहलीचा एक फोटो आहे, त्यात त्या डावीकडून तिसऱ्या उभ्या आहेत. तो मोठा करून चौकटीसह समितीकडे देत आहे. कार्यक्रमाच्या आधी लावून घ्यावा.

सर्वांना सलाम.