स्टिरिओला उपग्रह सापडेनात: बडोद्यात केलेली शोधाशोध

गाडीतल्या अँड्रॉइड स्टिरिओवर नकाशा उघडला की गाडीची जागा दाखवणारा जीपीएसचा ठिपका एकतर करडा होऊन थिजायचा, नाहीतर दांडिया बाजारातून जाणारी गाडी थेट सुरसागर तलावात दाखवायचा. अशा वेळी जो तो एकच सल्ला देतो, जीपीएसचा अँटेना, म्हणजे उपग्रहांचे सिग्नल पकडणारी डबी, बदला. मी तो उपाय शेवटी ठेवला. अँटेना महाग नसतो, पण त्यासाठी स्टिरिओ बाहेर काढावा लागतो आणि परत बसवताना मागची केबल दाबली गेली तर जुन्या दोषात नव्याची भर पडते.

आधी फोनशी तुलना बंद केली. फोनला उपग्रहांची ताजी कक्षा-माहिती मोबाइल नेटवर्कवरून काही सेकंदांत मिळते, शिवाय आजूबाजूच्या वाय-फायवरूनही तो जागेचा अंदाज बांधतो. स्टिरिओला ही सगळी माहिती थेट उपग्रहाकडून घ्यावी लागते. म्हणून तपासणीपुरता हॉटस्पॉट बंद ठेवला. तो चालू असला की स्टिरिओही नेटवर्कवरून अंदाजे जागा दाखवतो आणि अँटेना चालतोय असा गैरसमज होतो.

मग स्टिरिओवर उपग्रहांचे आकडे दाखवणारं एक मोफत ॲप टाकलं. त्यात दोन गोष्टी बघायच्या: किती उपग्रह दिसतात आणि त्यातले किती वापरात आहेत. जागा आणि उंची दोन्ही कळायला किमान चार उपग्रह लागतात. प्रत्येक उपग्रहापुढे सिग्नलची ताकद डीबी-हर्ट्झमध्ये असते. मोकळ्या आकाशाखाली डोक्यावरच्या उपग्रहांचा आकडा ३८ ते ४५ असावा. २५ च्या खाली गेला की उपग्रह यादीत दिसतो, पण त्याची माहिती नीट वाचली जात नाही. माझ्याकडे १४ उपग्रह दिसत होते, आकडे १८ ते २२ आणि वापरात एकही नाही. म्हणजे रिसीव्हर, स्टिरिओतला सिग्नल वाचणारा भाग, जिवंत होता, त्याला ऐकू कमी येत होतं.

हे जुन्या शहरातल्या मांडवीच्या दाट गल्लीत तपासण्यात अर्थ नाही. गाडी नवलखी मैदानावर नेली आणि पंधरा मिनिटं एका जागी उभी ठेवली. पंधराच का, तर जीपीएसचा उपग्रह सेकंदाला फक्त ५० बिट पाठवतो. स्वतःची अचूक कक्षा तो दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो, आणि सर्व उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. मध्ये झाड किंवा इमारत आली की तेवढा तुकडा हुकतो आणि पुढच्या फेरीची वाट बघावी लागते. बरेच दिवस तळघरात उभी राहिलेली गाडी बाहेर काढून लगेच पळवली की सिग्नल मिळायला उशीर होतो तो यामुळेच. पण मैदानावरही माझे आकडे २२ च्या वर गेले नाहीत, म्हणजे दोष गाडीतच होता.

पुढची पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच लोक वगळतात. जीपीएसचा उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतो. त्याची १५७५.४२ मेगाहर्ट्झची लहर खाली पोचेपर्यंत इतकी क्षीण होते की रिसीव्हरच्या स्वतःच्या विद्युत गोंगाटाखाली बुडते आणि गणिताने वर काढावी लागते. तिथे शेजारच्या स्वस्त उपकरणाची कुजबुजही आरोळी ठरते. म्हणून ॲप उघडं ठेवून एकेक वस्तू काढत गेलो आणि प्रत्येक वेळी दोन मिनिटं थांबलो. फोनचा चार्जर काढला, फरक नाही. डॅशकॅमची, म्हणजे रस्ता टिपणाऱ्या कॅमेऱ्याची, पिन काढली आणि आकडे २९-३० वर चढले.

कॅमेरा दोषी की त्याचा १२ व्होल्टचा चार्जर, हे कळायला कॅमेरा पॉवर बँकेवर चालवून पाहिला. आकडे पुन्हा पडले, म्हणजे गोंगाट कॅमेऱ्यातूनच येत होता. केबलवर फेराइटचा (गोंगाट शोषणारा) मणी अडकवण्याचा सल्ला इथे फारसा कामाचा नाही. तो मणी मुख्यतः काहीशे मेगाहर्ट्झपर्यंतचा गोंगाट अडवतो, दीड हजाराच्या वर त्याचा जोर ओसरतो. खरा उपाय अंतर. अंतर दुप्पट केलं की गोंगाट साधारण ६ डेसिबलने उतरतो. कॅमेरा आरशामागे नेला आणि त्याची केबल पुढच्या काचेच्या डाव्या खांबातून उतरवली, कारण अँटेना उजवीकडे होता.

तरीही आकडे ३१ वरच अडले. आता मात्र स्टिरिओ बाहेर काढला, आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडवून. अँटेना डॅशबोर्डखाली दुहेरी टेपने चिकटवलेला होता. उन्हाळ्याच्या तापाने टेप सुटून तो एसीच्या नळीवर पालथा पडला होता. या चौकोनी डबीत सिरॅमिकची चकती असते आणि तिचं तोंड आकाशाकडेच हवं, चुंबकाची बाजू खाली. ती डबी पुढच्या काचेलगत, सात सेंटिमीटरच्या चौकोनी लोखंडी पत्र्यावर बसवली. पत्रा खालून येणारे परावर्तित सिग्नल अडवतो आणि चकतीला आधाराचा पृष्ठभाग देतो. काचेवर धातूचा थर असलेली फिल्म असेल तर मात्र ही जागा चालणार नाही, अँटेना टपावर न्यावा लागतो.

स्टिरिओ बाहेर आहे तोवर मागचा अँटेनाचा सॉकेटही तपासावा. बॅटरी तेवढ्यापुरती परत जोडून स्टिरिओ चालू करायचा आणि मधली पिन व बाहेरचं कडं यांच्यात मल्टिमीटर लावायचा. ३.३ किंवा ५ व्होल्ट मिळाले पाहिजेत, कारण अँटेनातला सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर त्यावरच चालतो. शून्य आलं तर नवा अँटेना घेऊनही उपयोग नाही, दोष स्टिरिओत आहे. मोजताना पिन आणि कडं एकमेकांना टेकू देऊ नये. अँटेनाच्या केबलचा नट बोटांनी घट्ट करून ८ मिमीच्या पान्याने अगदी किंचित फिरवायचा. उरलेली केबल मोठ्या वेटोळ्यात सैल बांधायची, कोपऱ्यात दुमडायची नाही.

आता डोक्यावरच्या उपग्रहांचे आकडे ४० ते ४३ येतात, वापरात ११-१२ असतात, आणि सकाळी चावी फिरवल्यावर मिनिटभरात जागा सापडते. मांडवीच्या दाटीत ठिपका अजून शेजारच्या गल्लीत उडी मारतो. तिथे भिंतींवरून उसळून आलेले सिग्नल मिसळतात, अँटेना कितीही चांगला असला तरी. गेंडा सर्कल ते मनीषा चौकडी उड्डाणपुलावर गाडी खालच्या रस्त्यावर दिसते, तेही सिग्नलमुळे नाही. दोन्ही रस्ते नकाशावर एकमेकांवर येतात आणि उपग्रहांवरून काढलेली उंची इतकी काटेकोर नसते. पूल चढण्याआधी मार्ग निवडलेला असेल तर सूचना बहुतेक वेळा बरोबर येतात.