तुम्ही विचारलंत म्हणून : ऐकायला कुठे शिकलात?

‘गाणे शिकला नाहीत, मग ऐकायला कुठे शिकलात?’ हा प्रश्न मला मैफलीच्या मध्यंतरात हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर रविवार पेठेतले ग्रामोफोनच्या तबकड्यांचे एक दुकान हे आहे. मालकांना सगळेच काका म्हणत. दुकान इतके अरुंद की दोन गिऱ्हाइके समोरासमोर आली तर एकाला पायरी उतरावी लागे. पण जमिनीपासून तुळईपर्यंत तबकड्या उभ्या लावलेल्या होत्या. (आडव्या रचल्या तर लाखेच्या तबकड्या वजनाने तडकतात, हे नव्या माणसाला पहिल्याच भेटीत ऐकवले जाई.)

काकांनी ही सगळी दौलत कंपनीप्रमाणे किंवा अकारविल्हे न लावता गुरुशिष्यांच्या क्रमाने लावली होती. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या शेजारी सवाई गंधर्व, त्यांच्या पलीकडे गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी. बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव यांच्या आधीचा कप्पा मात्र त्यांनी मुद्दाम रिकामा ठेवला होता. तो भास्करबुवा बखल्यांचा. १९११ साली पुण्यात भारत गायन समाज स्थापन करणारे बुवा १९२२ साली गेले आणि त्यांचे ध्वनिमुद्रण मागे उरले नाही. ‘बुवा ऐकायचे असतील तर या दोघांत सारखे काय आहे ते शोधा,’ असे म्हणून काका ग्रामोफोनला किल्ली देत, पोलादी सुई बदलत, तबकडी मखमलीने पुसत आणि दोन्ही शिष्य लागोपाठ ऐकवत. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम साडेतीन मिनिटांची. गवयाला पसरायला जागा नाही आणि ऐकणाऱ्याला पेंगायला सवड नाही. मला ऐकणे आले असेल तर ते या जोड्यांमुळे आले, असे माझे स्पष्ट मत आहे.

काका गेल्यावर वारसांनी संग्रह गठ्ठ्यांनी विकला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पेठेतल्या दोन खोल्यांत तो ठेवणार कुठे? काही तबकड्या संग्राहकांकडे गेल्या, बऱ्याच जुन्या बाजारात पोहोचल्या आणि तो क्रम मोडला. त्यातले पुष्कळ गाणे आज फोनवर ऐकता येते. पण एकानंतर दुसरे कोणते लावायचे, हे तिथे यंत्र ठरवते आणि माझ्या मते फार वाईट ठरवते. बालगंधर्व आणि मास्तरांची ती जोडी ज्या गठ्ठ्यात होती तो मी अख्खा विकत घेतला. बाकीच्या निम्म्या तबकड्या विनोदी नकलांच्या निघाल्या आणि घरात अजून त्याच जास्त वाजतात.