पिल्लू आणू की मोठं कुत्रं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. संध्याकाळी आमच्या कुत्रीला, बुंदीला, घेऊन खाली उतरले की सोसायटीतलं कोणी ना कोणी हमखास थांबवतं. "पोरांनी कुत्र्याचा धोशा लावलाय. पिल्लू विकत घेऊ, की तुमच्यासारखं रेस्क्यू केलेलं आणू?" लिफ्ट येईपर्यंत हे सांगून होत नाही, म्हणून एकदा बैजवार.

आधी कबुली. आमच्याकडेही पहिल्यांदा पिल्लूच आलं होतं, पैसे मोजून आणलेलं लॅब्राडोर. विकणारा म्हणाला, "45 दिवसांचं आहे, याच वयात लळा लागतो." आम्ही मान डोलावली. 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला केंद्राच्या 2017 च्या नियमांनी मनाई आहे, हे मला फार नंतर कळलं. त्याला कारणही आहे. दात किती जोरात लावायचे, हे पिल्लू आई आणि भावंडांशी मस्ती करताना शिकतं. आमच्या पठ्ठ्याने तो धडा माझ्या मुलाच्या पोटऱ्यांवर गिरवला.

आणि वेळ! दर दोन तासांनी शू, रात्रीसुद्धा. लसींचे डोस 16 आठवड्यांपर्यंत चालू, आणि पार्वो या पिल्लांच्या जीवावर उठणाऱ्या संसर्गाच्या भीतीने तोवर रस्त्यावर खाली ठेवायचं नाही. पण जगाची ओळख व्हायचं वयही नेमकं तेच, साधारण 3 ते 14 आठवडे. त्यात जे पाहिलं-ऐकलं नाही, त्याला कुत्रं पुढे बिचकत राहतं. म्हणून मी त्याला कडेवर घेऊन कर्वे रोडला उभी राहायचे, रिक्षा नि बसचे हॉर्न ऐकवत. लोक बघायचे. ऑफिसातून अर्धी रजा, अर्धं घरून काम, असे चार महिने काढले. सासूबाईंच्या पायात तो दोनदा आला. पडल्या नाहीत, हे नशीब.

तो गेल्यावर दोन वर्षांनी बुंदी आली. गावठी, नसबंदी झालेली, त्याची खूण म्हणून डाव्या कानाला खाच. दात बघून डॉक्टरांनी वय तीनेक वर्षं सांगितलं. कायमचं घर मिळेपर्यंत तिला स्वतःच्या घरी सांभाळणाऱ्या फॉस्टर ताईंकडे आम्ही तासभर बसलो. ताईंनी सगळं सांगून टाकलं: मांजर दिसलं की पट्टा हातात राहत नाही, झाडूला घाबरते, पोरांनी शेपूट ओढली तर उठून दुसरीकडे जाते. त्या शेवटच्या वाक्यावर मी निर्णय घेतला. पिल्लाबद्दल हे कोणीच सांगू शकत नाही, ते मोठं होऊन कसं निघेल याचा फक्त अंदाज करायचा.

सोपं गेलं असं मात्र म्हणणार नाही. पहिले तीन दिवस ती दिवाणाखालून निघाली नाही. रात्री सगळे झोपल्यावर ताटली रिकामी व्हायची. महिनाभर दार उघडताना आधी ती कुठे आहे ते बघायचं, कारण घाबरलेलं कुत्रं फटीतून पळतं आणि नव्या भागात त्याला परतीची वाट माहीत नसते. गोचीड तापासाठी रक्त तपासून घेतलं. गणपतीत ढोल सुरू झाले की अजूनही ती बाथरूममध्ये जाऊन बसते.

"हाताखाली वाढलेलंच घरचं होतं," असं सासूबाई म्हणायच्या. आता बुंदीच्या पोळीला तूप कोण लावतं, ते विचारू नका.

तेव्हा माझं मत सरळ आहे: घरात पाच-सात वर्षांचं मूल, एखादं म्हातारं माणूस आणि दोघांच्या नोकऱ्या असतील, तर वाढ झालेलं, फॉस्टरकडे राहून आलेलं कुत्रं आणा. दुपारी दोन वाजता घरात कोणीतरी धडधाकट माणूस असेल, तर पिल्लाचा विचार करा. आणि पिल्लूच हवं असेल, तरी ते विकतच आणावं लागतं असं थोडंच आहे? हिवाळ्यात फॉस्टरवाल्यांकडे गावठी पिल्लांची रांग लागलेली असते. आपल्या गल्लीत मजेत फिरणारं, चार घरचं खाणारं कुत्रं मात्र उचलून फ्लॅटमध्ये कोंडू नका. त्याला रेस्क्यू म्हणत नाहीत.

बघायला जाल तेव्हा मुलांना दुसऱ्या भेटीला न्या. पहिल्याच भेटीत नेलंत, तर जे सगळ्यात आधी मांडीवर चढेल, तेच घरी येईल.