सम्टरचा किल्ला आणि एक फेरी

पहिल्याच बोटीने जायचं, हा हट्ट माझा. भाची अमेरिकेत शार्लटला राहते. तिथून साऊथ कॅरोलायनातलं चार्ल्सटन साडेतीन तासांवर, म्हणून आम्ही आदल्या दिवशीच येऊन राहिलो होतो. सकाळच्या पहिल्या बोटीतल्या माणसांना किल्ल्यावर झेंडा चढवताना हात लावू देतात, असं तिनेच सांगितलं होतं. बंदराबाहेर पडलो तेव्हा पाणी करडं होतं आणि वारा बोचरा. समोर फोर्ट सम्टर दिसत होता, पडलेल्या वाड्याचं नुसतं जोतं उरावं तसा बुटका.

मुळात तो असा नव्हता. चांगली 50 फुटी, तीन मजली वीटबांधणी होती. वरचे मजले युद्धात तोफांनी उतरवले. खालच्या भिंतीत काही गोळे अजून रुतून बसलेत. आजूबाजूच्या विटा फुटल्यात आणि मध्ये लोखंडाचा काळा डोळा. मी बोट लावून पाहिलं.

अमेरिकेच्या यादवी युद्धाची पहिली तोफ याच किल्ल्यावर डागली गेली, 12 एप्रिल 1861 ला पहाटे साडेचारला. साऊथ कॅरोलायना चार महिन्यांपूर्वीच देशातून फुटून निघालं होतं, पण किल्ला वॉशिंग्टनच्या सरकारकडे होता. आत मेजर अँडरसन आणि त्याची मूठभर शिबंदी, अन्नसाठा संपत आलेला. किनाऱ्यावरून तोफा चालवणारा सेनापती बोरगार्ड हा लष्करी शाळेत अँडरसनचाच विद्यार्थी, आणि विषयही तोफखान्याचाच. 34 तास मारा झाला तरी दोन्हीकडचा एकही माणूस त्यात मेला नाही. शरणागतीनंतर झेंड्याला सलामी देताना दारूचा स्फोट झाला आणि पहिला सैनिक गेला. पुढच्या चार वर्षांत सहा लाखांहून जास्त सैनिक मेले.

परतीच्या बोटीत शेजारी एक वयस्कर गृहस्थ बसले होते. फार अगत्याने बोलत होते. म्हणाले, "हे युद्ध गुलामीसाठी नव्हतं, राज्यांच्या हक्कांसाठी होतं." भाची माझ्याकडे बघायला लागली. बोटीवर वाद घालायला माझं इंग्रजी पुरलं नसतं, म्हणून मी गप्प राहिले. पण दिवसभर ते वाक्य माझ्याबरोबर चालत होतं.

कारण फुटून निघणाऱ्यांनी स्वतःच आपलं कारण लिहून ठेवलंय. 20 डिसेंबर 1860 ला याच चार्ल्सटनमध्ये ठराव झाला, 169 विरुद्ध शून्य. चारच दिवसांनी त्यांनी कारणांचा जाहीरनामा काढला. त्यात गुलाम हा विषय पुन्हा पुन्हा येतो. उत्तरेकडची राज्यं पळून आलेले गुलाम परत पाठवत नाहीत, गुलामगिरीला पाप म्हणतात, तिच्याविरुद्ध संस्था काढू देतात, आणि आता तर गुलामगिरीचा विरोधक राष्ट्राध्यक्ष निवडून आला. नीट वाचलं की कळतं, इथे तक्रार उलटीच आहे. उत्तरेच्या राज्यांनी आपल्या हद्दीत स्वतःचे कायदे चालवले, यालाच आक्षेप आहे. मिसिसिपीच्या लोकांनी तर आडपडदाच ठेवला नाही. आमची बाजू गुलामगिरीशी पूर्णपणे बांधलेली आहे, असं त्यांनी सरळ लिहिलं.

मूळ भांडण पश्चिमेकडच्या नव्या जमिनीचं होतं. देश पसरत चालला होता, नवी राज्यं होत होती, आणि तिथे माणसं विकत घेऊन राबवता येणार की नाही हे ठरत नव्हतं. गुलामगिरी कुठे चालेल आणि कुठे नाही याची रेषा आखणारी 1820 ची तडजोड 1854 मध्ये मोडली आणि कॅन्ससमध्ये रक्त सांडलं. 1857 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, काळा माणूस या देशाचा नागरिकच होऊ शकत नाही, असा निकाल दिला. लिंकन तर गुलामगिरी आहे तिथे लगेच मोडू असंही म्हणत नव्हते, फक्त पसरू देणार नाही एवढंच म्हणत होते. तेवढंही दक्षिणेला चाललं नाही. 1860 च्या शिरगणतीत देशात जवळजवळ 40 लाख माणसं गुलाम म्हणून मोजलेली होती. साऊथ कॅरोलायनाच्या सात लाख वस्तीत चार लाख. ज्यांच्या हक्कांसाठी लढलो म्हणतात त्या राज्यातली निम्म्याहून अधिक माणसं त्या हक्कात धरलीच नव्हती.

दुपारी चामर्स स्ट्रीटवर गेलो. गोल धोंड्यांचा रस्ता, चालताना पाय मुरगळेल असा. तिथे गुलामांच्या लिलावाची जुनी जागा आहे, आता संग्रहालय. 1856 मध्ये शहराने उघड्यावरचे लिलाव बंद केले, मग ते असे चार भिंतींच्या आत गेले. माणसं विकणं थांबलं नाही, फक्त रस्त्यावरून दिसेनासं झालं. आत दराचे आकडे आहेत. वय, कसब, अंगकाठी, त्यापुढे डॉलर. मी अकोल्याची. लहानपणी आजोबांबरोबर बैलबाजारात जायचे. दात बघणं, पाठीवर थाप मारून बघणं, हे सगळं मी पाहिलेलं आहे. त्या आकड्यांपुढे मला फार वेळ उभं राहवेना.

भाची म्हणाली, "मावशी, पाणी पी. आपण बाहेर बसू."

बाहेर बसून मी तिला रॉबर्ट स्मॉल्सची गोष्ट सांगितली. सकाळी किल्ल्यावर उभी होते तेव्हापासून ती डोक्यात होती. हा 23 वर्षांचा गुलाम प्लँटर नावाच्या आगबोटीवर सुकाणू धरायचा. बोट दक्षिणेच्या सैन्याची. 13 मे 1862 ला, गोरे अधिकारी रात्री शहरात गेलेले असताना, त्याने आणि सोबत्यांनी बोट सोडली. दुसऱ्या धक्क्यावरून बायकामुलांना घेतलं. कप्तानाची गवती टोपी डोक्यावर चढवली, कप्तानासारखाच हात कठड्यावर टेकून उभा राहिला आणि प्रत्येक ठाण्यापुढे शिट्टीची ठरलेली खूण देत गेला. सम्टरच्या तोफांसमोरून उजाडायच्या सुमाराला तो पार झाला. मारा पोहोचणार नाही इतकं पुढे गेल्यावर झेंडा उतरवून पांढरी चादर चढवली आणि बोट उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली. 16 माणसं त्या एका पहाटेत सुटली. पुढे स्मॉल्स अमेरिकेच्या संसदेत निवडून गेला. ज्या मालकाच्या घरी गुलाम म्हणून जन्मला, ब्यूफर्टमधलं तेच घर त्याने विकत घेतलं.

लढाया मोजत बसले तर लेख संपायचा नाही. थोडक्यात सांगते. सम्टरनंतर लिंकननी 75,000 स्वयंसेवक मागितले, त्यावर आणखी चार राज्यं फुटली आणि फुटलेल्यांची संख्या 11 झाली. सुरुवातीला उत्तरेने मार खाल्ला. सप्टेंबर 1862 मध्ये अँटीटमला दक्षिणेची चढाई थोपवली गेली आणि 1 जानेवारी 1863 ला बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त झाल्याची घोषणा अमलात आली. तिथून युद्धाचा अर्थ बदलला. सुमारे 1,80,000 काळे सैनिक उत्तरेच्या फौजेत भरती झाले. जुलै 1863 मध्ये गेटिसबर्ग आणि विक्सबर्ग या दोन विजयांनी पारडं फिरलं. 9 एप्रिल 1865 ला दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, आणि त्या डिसेंबरात घटनादुरुस्तीने गुलामगिरी देशभर संपली.

या युद्धाची झळ आणि ऊब दोन्ही आमच्या वऱ्हाडापर्यंत आली होती. उत्तरेने दक्षिणेची बंदरं अडवली. ब्रिटनच्या गिरण्यांना चार भागांतला तीन भाग कापूस अमेरिकेतून जायचा, तो आटला. मग सगळ्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला कधी न पाहिलेला भाव आला, मुंबईत पैशाचा पूर लोटला, शेअरबाजार वेडा झाला. 1865 मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली आणि कापूस कोसळला, त्याच्याबरोबर मुंबईच्या पेढ्या बुडाल्या. आणि त्याच अमेरिकेकडे जोतीराव पुण्यातून वेगळ्या डोळ्यांनी पाहत होते. 1873 मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या, गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. ती अर्पणपत्रिका मी शाळेत शिकवली आहे. चामर्स स्ट्रीटच्या त्या धोंड्यांवर बसून ती मला पहिल्यांदा नीट कळली.

बाजारात गवताच्या टोपल्या विणणाऱ्या बायका बसतात. गला समाजाच्या, आफ्रिकेतून भातशेतीसाठी आणलेल्या माणसांच्या वंशज. भात पिकवण्याची विद्या त्या माणसांकडेच होती, म्हणून त्यांना मुद्दाम त्या मुलखातून आणत. एका आजींपुढे पसरट गोल टोपली होती. मी हाताने पाखडल्याची खूण केली. त्या हसल्या, टोपली उचलली आणि अगदी तस्संच पाखडून दाखवलं. आमच्या सुपाला पुढे तोंड असतं, यांचं गोल, पण मनगटाचा झटका तोच. मी ती घेतली. महाग होती, घासाघीस केली नाही.

संध्याकाळी हॅम्प्टन पार्कला गेलो. पूर्वी इथे घोड्यांच्या शर्यतीचं मैदान होतं. युद्धात दक्षिणेने त्यात उत्तरेचे कैदी डांबले. उघड्यावर, रोगराईत 257 जण मेले आणि एकाच चरात पुरले गेले. चार्ल्सटन पडल्यावर इथल्या काळ्या लोकांनी ते सगळे बाहेर काढले, एकेकाला वेगळी कबर दिली, भोवती कुंपण घातलं. 1 मे 1865 ला सुमारे 10,000 माणसं इथे जमली. पुढे शाळकरी मुलं, हातात फुलं. कबरी नंतर दुसरीकडे हलवल्या. आता गवत आहे, ओकची झाडं आहेत, एक फलक आहे. बागेला नाव मात्र दक्षिणेच्या एका सेनापतीचं, वेड हॅम्प्टनचं.

जुन्या शर्यतीच्या वळणावरूनच आता रस्ता जातो, साधारण मैलभराचा. लोक धावत होते, कुणी मूल गाडीत घालून फिरवत होतं. भाचीने विचारलं, "दमलीस का मावशी? गाडी इकडे आणू?" मी नको म्हटलं. टोपली काखेत धरली आणि आम्ही दोघी, उजवी घालून, पूर्ण फेरी चाललो.