लहान कळपाचा वळू

मांसासाठी जुन्या, दुर्मीळ जातीची गुरे पाळणाऱ्या लहान शेतकऱ्याला लोक बहुधा कुरणाविषयी, हिवाळ्याच्या चाऱ्याविषयी किंवा जनावर कोणत्या वयात कापायचे याविषयी विचारतात. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु आमच्या घरात सर्वाधिक वाद ज्या एका विषयावर झाले, तो विषय म्हणजे वळू. दहा-बारा गायींच्या कळपात एखादी गाय सुमार निघाली तर तिचे वर्षाला एकच वासरू सुमार निघते. वळू सुमार निघाला तर त्या वर्षीची सगळीच वासरे तशी निघतात, आणि त्याच्या मुली कळपात राहिल्या की तो दोष पुढची कित्येक वर्षे घरात नांदतो.

आमच्या गायी डेक्स्टर जातीच्या आहेत. आयर्लंडच्या नैर्ऋत्य भागात घडलेली ही बुटकी जात दूध आणि मांस या दोन्हींसाठी पाळली जाते. गाय साधारण मीटरभर उंचीची, वजनाने तीन-साडेतीनशे किलोंच्या घरातली, आणि खुराकाशिवाय निव्वळ गवतावर अंग धरणारी. आम्ही दूध काढत नाही. वासरे दूध तुटेपर्यंत आईजवळच चरतात. यातला प्रत्येक तपशील पुढे वळूच्या प्रश्नाशी येऊन भिडतो.

आधी हिशेब सांगतो, कारण तो कळल्याशिवाय बाकीचे नीट उमगत नाही. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ स्यूअल राइट यांच्या सूत्राप्रमाणे कळपाची परिणामकारक संख्या, म्हणजे वैविध्याच्या दृष्टीने कळप खरोखर किती जनावरांएवढा आहे हे काढताना, नर आणि माद्या यांच्या संख्यांच्या गुणाकाराची चौपट करतात आणि तिला दोन्हींच्या बेरजेने भागतात. एक वळू आणि १० गायी असतील तर उत्तर येते सुमारे ३.६. गायी दुप्पट करून २० केल्या तरी ते ३.८ च्या पुढे जात नाही. गायी १० च ठेवून दुसरा वळू आणला तर मात्र तेच उत्तर ६.७ होते. म्हणजे जातीचे वैविध्य राखण्याच्या दृष्टीने गायींची संख्या वाढवण्यापेक्षा एक जास्तीचा नर अधिक मोलाचा ठरतो. आणि लहान शेताला दुसरा वळू पोसणे परवडत नाही, ही खरी अडचण आहे. एक तरणाताठा वळू एका हंगामात २० ते २५ गायी सहज गाभण करू शकतो. आमच्यासारख्यांकडे तो वर्षातला बहुतेक काळ नुसता चरत असतो.

सगोत्र, म्हणजे जवळच्या नात्यातल्या पैदाशीला घाबरावे किती, याबद्दल अनुभवी मंडळींतही मतभेद आढळतात. वडील आणि मुलगी यांच्या संकरातून झालेल्या वासराचा सगोत्रता गुणांक (जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता) २५ टक्के असतो आणि सावत्र भावंडांच्या संततीचा साडेबारा टक्के. तो वाढत गेला की गायी उशिरा माजावर येतात, गाभण राहण्याचे प्रमाण घटते, वासरे दुबळी जन्मतात. पण इतिहासाकडे पाहिले तर इंग्लंडमधली शॉर्टहॉर्न ही जात मुळात अशाच संकरांतून घडली. डरहॅममधल्या केटनच्या चार्ल्स कॉलिंग यांचा ‘कॉमेट’ हा वळू १८१० साली १००० गिनींना विकला गेला. त्याचा बाप ‘फेव्हरिट’. त्याची आई त्याच फेव्हरिटची मुलगी, आणि तीसुद्धा फेव्हरिटच्या स्वतःच्या आईपोटी झालेली! नॉर्थम्बरलँडमधल्या चिलिंगहॅमचा रानटी कळप तर शतकानुशतके बाहेरचे रक्त न घेता टिकून आहे; १९४६-४७ च्या भीषण हिवाळ्यानंतर त्यात अवघी १३ जनावरे उरली होती आणि त्यांच्यापासूनच तो पुन्हा वाढला. अशी उदाहरणे सांगून मुलीवर बाप सोडण्याचे समर्थन करणारे लोक मला भेटतात. माझे मत असे की, ही तगून राहिलेल्यांची उदाहरणे आहेत. ज्या कळपांत हाच प्रयोग फसला त्यांच्या वंशावळी छापून ठेवायला कोणी उरले नाही.

डेक्स्टरच्या बाबतीत तर यात आणखी एक काटा आहे. या जातीत खुजेपणाचे एक जनुक फिरते. ते एकाच पालकाकडून आले तर जनावर आखूड पायांचे, गोटीबंद आणि दिसायला देखणे होते, म्हणून पूर्वी अशा जनावरांना मुद्दाम पसंती मिळत असे. ते दोन्ही पालकांकडून आले तर गर्भ विकृत होतो आणि बहुधा मुदतीआधीच मेलेला पडतो. पाळणारे त्याला बुलडॉग वासरू म्हणतात. वाहक, म्हणजे हे जनुक एका पालकाकडून मिळालेली गाय आणि तसाच वळू एकत्र आले की दर चार गर्भांमागे सरासरी एक असा जातो. आता जनुकीय चाचणी उपलब्ध असल्यामुळे वाहक नसलेला वळू निवडणे अवघड राहिलेले नाही, आणि तसा वळू असला की कळपातल्या आखूड पायांच्या चांगल्या गायींना काढून टाकण्याचीही गरज उरत नाही. दुर्मीळ जातीत हे फार महत्त्वाचे आहे, कारण एका जनुकापोटी दहा चांगल्या गुणांची गाय घालवणे हा उधळेपणा आहे.

मग वळू पाळायचाच कशाला, कृत्रिम रेतन का नको, असे माझी पत्नी विचारते, आणि तिचा मुद्दा बिनतोड आहे. उणे १९६ अंश सेल्सियसच्या द्रवरूप नत्रात ठेवलेल्या रेतमात्रांतून दूरच्या, कधीकधी तर मेलेल्या वळूचेही रक्त कळपात आणता येते. अडते ते माज ओळखण्यावर. दुभती गाय दिवसातून दोनदा हाताखालून जाते, तिच्यातला बदल लगेच लक्षात येतो. आमच्या गायी वासरांसह कुरणात असतात, माज २१ दिवसांनी येतो, काही तासच टिकतो आणि पुष्कळदा रात्री येऊन जातो. शिवाय पिणाऱ्या वासरामुळे विल्यानंतरचा पहिला माज लांबतो. गर्भकाळ सुमारे २८३ दिवसांचा. वर्षाला एक वासरू हवे असेल तर विल्यापासून सुमारे ८२ दिवसांत गाय पुन्हा गाभण राहायला हवी. एक माज हुकला की यातले तीन आठवडे गेले. वळू मात्र माज चुकवत नाही. म्हणून निवडक दोन-तीन गायींना रेतन आणि उरलेल्यांना वळू, अशी तडजोड आम्ही केली आहे.

शेजारच्या कळपाशी वळूची अदलाबदल करणे कागदावर सर्वांत सोयीचे वाटते. मी ते टाळतो. ट्रायकोमोनास आणि कॅम्पिलोबॅक्टर या सूक्ष्मजीवांचे संसर्ग समागमातून पसरतात, वळूत कोणतेही लक्षण दिसत नाही, आणि गायी मात्र गर्भ टाकत राहतात किंवा गाभण न राहता पुन्हापुन्हा माजावर येतात. बाहेरून घ्यायचा तर एकदाही गायीवर न गेलेला खोंड घ्यावा, तोही इतर वासरांत, आईखाली वाढलेला. बाटलीने दूध पाजून एकट्याने वाढवलेला खोंड लहानपणी लाघवी वाटतो, पण त्याला माणसाची भीड उरत नाही आणि वयात आल्यावर तो माणसालाच प्रतिस्पर्धी समजू लागतो. वळू अंग आडवे करून, पाठ फुगवून उभा राहिला तर तो स्वतःचा आकार दाखवत असतो. तेव्हा पाठ न फिरवता, त्याच्यावर नजर ठेवून कुंपणाकडे मागे सरावे. बुटक्या जातीचा वळूही माणसाला सहज चिरडतो.

जात दुर्मीळ आहे म्हणून प्रत्येक गोऱ्हा वळू म्हणून राखावा, हा नवख्यांचा उत्साह मला मान्य नाही. बहुतेक गोऱ्ह्यांचे खच्चीकरण करून त्यांना मांसासाठीच वाढवले पाहिजे. त्या विक्रीवरच गायींचा चारा निघतो आणि जात शेतावर टिकते. ज्या गायीचे खूर, कास आणि स्वभाव उतारवयातही उत्तम आहेत, जी दरवर्षी मदतीशिवाय विते, आणि जिच्या घराण्यातला नर कळपात आधीपासून नाही, तिचाच गोऱ्हा राखण्याचा विचार करावा.

आमच्या सध्याच्या वळूच्या पहिल्या मुली पुढच्या हंगामात फळण्याजोग्या होतील. आम्ही कालवडी दोन वर्षांच्या झाल्याशिवाय वळूला दाखवत नाही, त्यामुळे एका वळूकडून एखादा हंगाम जास्तीचा मिळतो. तो आता संपत आला आहे. नवा खोंड पाहून ठेवला आहे. त्याच्या वंशावळीत मागच्या चार पिढ्यांत आमच्या वळूशी सामायिक पूर्वज नाही आणि खुजेपणाच्या जनुकाची चाचणी नकारात्मक आली आहे. तो आल्यावर आधी काही आठवडे वेगळा राहील, आणि गायींत सोडण्यापूर्वी पशुवैद्यांकडून त्याचे वीर्य तपासून घेऊ. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात, त्यामुळे मधल्या काळात येऊन गेलेल्या तापाचा परिणामही त्या तपासणीत कळतो. जुन्या वळूच्या काही रेतमात्रा साठवून ठेवायच्या आणि मग तो मांसासाठी द्यायचा, असे घरात ठरले आहे.